परमुलखांतील खोली आणि घरांतील वडील माणसें

प्रवासास निघण्यापूर्वीं आपल्या घरांत ज्या गोष्टींची चर्चा होते, त्यांत तिकिटें, कपडे, औषधें, फराळाचे डबे आणि पैसा यांचा क्रम ठरलेला असतो. मुक्कामाच्या जागेविषयीं बोलणें झालेंच, तर तें भाड्यापुरतें होतें. भाडें किती, एका खोलींत माणसें किती मावतात, सकाळीं चहा मिळतो कीं नाहीं, एवढें समजलें म्हणजे घरचा कर्ता पुरुष निश्चिंत होतो. ती खोली त्या आवारांत नेमकी कोठें असेल, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. माझ्याहि मनांत तो आला नव्हता. तो न आल्यामुळें आमच्या घरांतील एका वडील माणसाच्या वाट्यास काय आलें, तें आज सांगावयाचें आहे. आणि आजी-आजोबा, मुलगा-सून व नातवंडें अशीं तीन पिढ्यांचीं माणसें मिळून ज्या घरांतून प्रवासास निघतात, त्या घरांना उपयोगी पडतील अशा चार गोष्टीहि त्याबरोबर सांगावयाच्या आहेत.

हल्लीं पुष्कळ मराठी घरांतील मुलें नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहतात. उन्हाळ्यांत आईबाप त्यांच्याकडे गेले म्हणजे नातवंडांच्या शाळांस सुट्टी असते, आणि मग फ्लॉरिडा राज्यांत ऑरलँडो शहराजवळ असलेली वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही क्रीडानगरी पाहण्याचा बेत बहुधा ठरतो. अशा ठिकाणास तिकडे थीम पार्क म्हणतात. आपल्या जत्रेंतील पाळणे आणि चक्रें तेथें आहेतच. पण तीं एखाद्या कथेच्या अनुषंगानें, किल्ले, नद्या, होड्या व आगगाड्या यांच्या मांडणींत अशीं बसविलेलीं असतात, कीं माणूस कांहीं काळ त्या कथेंतच वावरूं लागतो.

या नगरीचा थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. कारण खोलीचा प्रश्न त्यांतूनच उद्भवतो. वॉल्ट डिस्ने यांनीं आपलें पहिलें उद्यान कॅलिफोर्नियांत ॲनाहाइम येथें १९५५ सालच्या जुलै महिन्यांत उघडलें. तेथें त्यांच्या हातीं जमीन थोडी होती. उद्यान लोकप्रिय होतांच भोंवतालच्या जागेंत इतरांनीं हॉटेलें आणि दुकानें थाटलीं, आणि तें डिस्ने यांना रुचलें नाहीं. म्हणून पुढें फ्लॉरिडांत त्यांनीं निरनिराळ्या कंपन्यांच्या नांवांनीं, फारसा गाजावाजा न करितां जमीन विकत घेवविली. ती सुमारें २७,००० एकर भरली. १९६६ च्या डिसेंबरांत ते वारले. त्यांचे वडील बंधु रॉय डिस्ने यांनीं स्वतःच्या निवृत्तीचा विचार बाजूस ठेवून धाकट्या भावाचें काम हातीं घेतलें, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजीं नगरीचीं दारें उघडलीं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंतच तेहि वारले. आरंभीं तेथें मॅजिक किंगडम हें एकच उद्यान होतें; पुढें १९८२ सालीं एपकॉट, १९८९ सालीं सध्यां हॉलीवुड स्टुडिओज या नांवानें चालणारें उद्यान आणि १९९८ सालीं ॲनिमल किंगडम, अशीं आणखी तीन झालीं.

जमीन मुबलक असल्याचा परिणाम असा झाला, कीं तेथें सर्वच गोष्टी लांब लांब आहेत. ॲनाहाइमला रस्त्यापलीकडच्या हॉटेलांतून उद्यानाच्या दारापर्यंत पायीं जातां येतें. फ्लॉरिडांत तशी सोय थोड्याच हॉटेलांना आहे. नगरीबरोबरच १९७१ सालीं उघडलेलें कंटेम्पररी हें त्यांपैकीं एक. त्याच्या पोटांतून एकरुळी गाडी जाते, आणि मॅजिक किंगडम तेथून पायवाटेनें दहा-पंधरा मिनिटांवर आहे. परंतु त्या हॉटेलांतहि मधल्या उंच इमारतींतील खोली आणि बाजूच्या सखल इमारतींतील खोली यांच्या अंतरांत फरक आहेच. इतर बहुतेक ठिकाणांहून बसनें जावें लागतें. आणि हीं हॉटेलें तरी कशीं? १९८८ सालीं उघडलेलें कॅरिबियन बीच हें एका तळ्याभोंवतीं पसरलेलें खेडेंच आहे. त्याच्या आळ्यांना बेटांचीं नांवें आहेत, आणि आवारांतल्या आवारांत बसचे अनेक थांबे आहेत. २००३ सालच्या पॉप सेंच्युरींत १९५० पासून १९९० पर्यंतच्या एकेका दशकाच्या नांवानें इमारती बांधलेल्या आहेत. या दोन्ही ठिकाणांहून २०१९ पासून तारेवरून जाणारे पाळणे सुरू झाले. तेव्हां पाळण्याच्या स्थानकाजवळची इमारत आणि टोकाची इमारत यांत आतां पूर्वींपेक्षांहि अधिक अंतर पडल्यासारखें झालें आहे. पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइडमध्यें एका भागांतील दुमजली घरांना लिफ्ट नाहीं, आणि दुसऱ्या भागांतील मोठ्या वाड्यांना ती आहे. तात्पर्य, हॉटेलचें नांव समजलें म्हणजे मुक्काम समजला असें होत नाहीं. "आम्ही सदाशिव पेठेंत राहतों" एवढें सांगून पाहुण्यास घर सांपडत नाहीं, तसेंच हें आहे.

आतां आमची हकीकत. ती २०२३ सालच्या जून महिन्यांतील आहे. माझा मुलगा जॉर्जिया राज्यांत अटलांटा शहरीं असतो. आम्ही उभयतां आणि आमच्या वहिनी, म्हणजे माझ्या दिवंगत वडील बंधूंच्या पत्नी, अशीं तिघें त्याच्याकडे गेलों होतों. वहिनींचें वय त्या वेळीं ७४ होतें. त्या आमच्या घरांत लग्न होऊन आल्या तेव्हां मी शाळेंत जाणारा मुलगा होतों, आणि माझा डबा त्याच भरून देत. त्यांनीं स्वतःसाठीं कोणाजवळ कांहीं मागितल्याचें मला आजवर आठवत नाहीं. त्यांचे गुडघे पुष्कळ वर्षांपासून दुखतात. परंतु "सपाटीवर मी तुमच्या पुढें चालेन" असें त्या म्हणत, आणि तें खरेंहि होतें.

मुलानें ऑरलँडोस, नगरीच्या हद्दीबाहेरील एका हॉटेलांत पांच रात्रींसाठीं दोन खोल्या घेतल्या. त्या हॉटेलाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. सात तास मोटारींतून प्रवास करून आम्ही सायंकाळीं तेथें पोंचलों. हल्लीं खोलीची किल्ली आपल्या फोनवरच येते, त्यामुळें कचेरींत जाऊन कोणास भेटण्याचेंहि कारण पडत नाहीं. सून म्हणाली, "किती सोयीचें झालें, रांगेंत उभें राहावयास नको." मलाहि तें सोयीचेंच वाटलें.

आवार मोठें, इमारती अनेक. आमच्या खोल्या अगदीं मागच्या बाजूच्या इमारतींत, दुसऱ्या मजल्यावर होत्या. अमेरिकेंत तळमजल्यासच पहिला मजला म्हणतात. म्हणून त्यांचा दुसरा मजला तो आपला पहिला. त्या इमारतीस लिफ्ट नव्हती. शिक्षकाची मोजण्याची संवय सुटत नाहीं. मीं मोजलें तें असें, कीं जिन्यास १९ पायऱ्या होत्या, आणि जिन्याच्या तळापासून बसच्या थांब्यापर्यंत माझीं ७१० पावलें होत होतीं. वहिनी कठड्यास धरून हळूहळू वर आल्या आणि हंसत म्हणाल्या, "पर्वतीची संवय आहे हो मला." तें ऐकून आम्ही सर्वजण हंसलों आणि निश्चिंत झालों.

दुसरा दिवस मॅजिक किंगडममध्यें गेला. फ्लॉरिडांतला जून म्हणजे आपल्या कोंकणांतला वैशाख. ऊन आणि घाम सारखाच, आणि दुपारीं बहुधा गडगडाट होऊन पाऊस पडतो. उद्यानाच्या दाराशीं चाकांची खुर्ची भाड्यानें मिळते. ती आम्हीं वहिनींसाठीं घेतली, आणि आंत त्यांस कांहीं त्रास झाला नाहीं. पण ती खुर्ची उद्यानाची, ती दाराशींच परत करावयाची. रात्रीं बसमधून उतरल्यावर तीं ७१० पावलें आणि त्या १९ पायऱ्या राहिल्याच होत्या. वहिनी जिन्यावर दोनदां थांबल्या. मीं तें पाहिलें, आणि दिवसभराचा शीण असेल असें समजलों.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्या म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही सारीं जा. आज माझी एकादशी आहे. मी येथेंच बसून जप करतें." मीं बरें म्हटलें. परदेशांत तिथीचें भान राहत नाहीं, आणि वहिनींचें तें कधीं सुटत नाहीं, असा माझा समज. आम्ही एपकॉट पाहून रात्रीं परतलों. खोलींत वहिनी एकट्या दिव्याशीं बसल्या होत्या. नातवानें त्यांच्यापुढें आपल्या मौजेचें सारें वर्णन केलें, आणि त्यांनीं तें एकेक प्रश्न विचारून ऐकून घेतलें.

निजावयाच्या वेळीं पत्नीनें मला बाहेर बोलावलें आणि विचारलें, "अहो, आज कसली एकादशी? एकादशी होऊन चार दिवस झाले. तुम्ही एवढे संस्कृत शिकलेले, पंचांग मी सांगायला पाहिजे का?" पाठोपाठ नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, मोठी आजी काल रात्रभर पाय चोळीत होती. मीं विचारलें तर म्हणाली, कोणाला सांगूं नकोस."

मला त्या वेळीं जी लाज वाटली, ती शब्दांनीं सांगतां येत नाहीं. जिच्या हातचें खाऊन मी शाळेंत गेलों, ती बाई १९ पायऱ्यांसाठीं खोटी एकादशी करून दिवसभर उपाशी बसली होती. आणि आपल्यामुळें मुलांच्या आनंदांत विघ्न नको, एवढेंच तिच्या मनांत होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी आणि सून कचेरींत गेलों. तेथें एक प्रौढ बाई होत्या. आम्हीं आपलें सारें गाऱ्हाणें एकदमच त्यांच्यापुढें मांडलें. खोली खालच्या मजल्यावर पाहिजे, बसच्या थांब्याजवळ पाहिजे, दोन्ही खोल्या शेजारीं पाहिजेत, आणि जमल्यास तळें दिसावें. त्या बाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "आज हॉटेल भरलेलें आहे. हें सगळें एकत्र मला मिळणार नाहीं. यांतली कोणती गोष्ट शोधूं, तेवढें सांगा." आम्ही दोघें क्षणभर एकमेकांकडे पाहूं लागलों. मग सून म्हणाली, "जिना नको." बाईंनीं आपल्या यंत्रावर कांहीं वेळ शोध केला आणि थांब्याजवळच्या इमारतींत, तळमजल्यावर, एक खोली काढून दिली. एकच. दुसरी तेथें शिल्लक नव्हती. जातां जातां त्या एवढेंच म्हणाल्या, "आधीं कळलें असतें तर दोन्ही तिकडे दिल्या असत्या."

त्या खोलींत वहिनी, माझी पत्नी आणि नात गेल्या. मुलगा, सून व नातू आपल्या जागीं राहिले, आणि मी मागच्या इमारतींत एकटाच वानप्रस्थासारखा राहिलों. शेजारच्या खोल्यांचा आमचा आग्रह असा सुटला. आणि सुटल्यावर कळलें कीं त्याची फारशी गरजच नव्हती. वहिनी प्रथम मजवर रागावल्या. "कशाला त्या बाईला त्रास दिलात?" असें म्हणाल्या. पण उरलेले दोन्ही दिवस त्या आमच्याबरोबर आल्या. दुपारीं परत येऊन तासभर पडत आणि सायंकाळीं पुन्हां निघत. हें पूर्वींच्या खोलींतून शक्यच नव्हतें. शेवटच्या रात्रीं त्यांनीं किल्ल्यावरचें दारूकाम पाहिलें. पण त्यांस सर्वांत काय आवडलें म्हणाल, तर देशोदेशींच्या बाहुल्या गात असतात त्या मांडणींतून होडींत बसून जाणें. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "इतकीं मुलें, आणि एकहि रडत नाहीं!" तो त्यांचा पहिला आणि शेवटचा परदेशप्रवास होता, पुढें गुडघ्यांनीं तशी परवानगी दिली नाहीं. त्या पांच दिवसांतील एक दिवस माझ्या अविचारानें बुडाला, तो परत आणतां येत नाहीं.

या गोष्टीचा मी पुढें पुष्कळ विचार केला. पूर्वीं आपले लोक काशीस किंवा नाशकास जात, तेव्हां क्षेत्रोपाध्यायाच्या घरीं उतरत. गाडींतून उतरणाऱ्या वृद्धेकडे यजमान एक नजर टाकी आणि घरांत सांगे, "आजींचें अंथरूण खालच्या सोप्यांत घाला." आजींना मागावें लागत नसे, आणि मुलाला सांगावें लागत नसे. आजच्या मोठ्या हॉटेलांत खोल्यांची वांटणी बहुधा पाहुणे दारांत येण्यापूर्वींच झालेली असते. वांटणी करणाऱ्या मनुष्यापुढें आपण नसतों; त्याच्यापुढें आपलें नांव, माणसांची संख्या, तारखा आणि खोलीचा प्रकार एवढींच अक्षरें असतात. कोणती खोली कोणत्या दिवशीं रिकामी होते, ती किती रात्री सलग देतां येते, कोणत्या खोल्या दुरुस्तीसाठीं बंद आहेत, याचा मेळ घालीत तो नांवें मांडीत जातो. आमचे गुडघे त्यास दिसावे कसे? म्हणून जें पूर्वीं यजमानाच्या डोळ्यांना दिसत असे, तें आतां आपण शब्दांनीं आधीं कळवावें लागतें. यांत लाचारी कांहीं नाहीं. ज्यास कळविलेंच नाहीं, त्यास दोष देणें मात्र अन्यायाचें आहे.

हें कळविण्याची रीत आतां क्रमानें सांगतों.

पहिली चौकशी घरांतच करावी. वडील माणसांस "तुम्हांला कांहीं पाहिजे का?" असें विचारूं नये, त्याचें उत्तर "कांहीं नको" असेंच येतें. प्रश्न नेमके असावेत. किती पायऱ्या न थांबतां चढवतात? रात्रीं किती वेळां उठावें लागतें? न्हाणीघरांत टब असला तर त्याची कड ओलांडून आंत पाय टाकतां येईल का? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडील माणसांस सुचत नाहीं. परंतु अमेरिकेंतील पुष्कळ खोल्यांतून स्नानाची सोय टबांतच असते, आणि त्याची कड उंच असते. हे प्रश्न मुलग्यापेक्षां सुनेनें किंवा नातीनें विचारले तर खरीं उत्तरें मिळण्याचा संभव अधिक.

दुसरें, गरज, सोय आणि हौस या तीन गोष्टी निराळ्या आहेत हें ओळखावें. ज्यास चाकांची खुर्ची लागते, किंवा टब ओलांडवत नाहीं, त्याची ती गरज आहे. ती विनंतीवर सोंपवूं नये. अमेरिकेंत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० सालीं झाला. त्याखालीं २०१२ च्या मार्चपासून हॉटेलांस लागूं झालेल्या नियमांप्रमाणें, अशा व्यक्तींसाठीं बांधलेली खोली त्या प्रकारची म्हणून राखून घेतली, तर तीच खोली त्या पाहुण्यासाठीं धरून ठेवणें हॉटेलावर बंधनकारक आहे. तेव्हां तिची मागणी खोली घेतानाच करावी. लिफ्टजवळची किंवा थांब्याजवळची जागा ही सोय होय. तिची विनंती करावी, पण ती मान्य होण्याची हमी कोणी देत नाहीं. तळें किंवा दारूकाम दिसावें ही हौस. तिच्यासाठीं बहुधा निराळा दर असतो. डिस्ने यांच्या कांहीं हॉटेलांत मुख्य इमारतीजवळच्या खोल्याहि अधिक दराच्या निराळ्या वर्गांत मोडतात. जी वस्तु किंमतीनें विकली जाते, ती विनंतीनें मागूं नये. पैसे देणें परवडत असेल तर द्यावे, नाहीं तर तिचें नांव सोडून द्यावें.

तिसरें, वेळ साधावी. खोली घेतांनाच विनंती नोंदवावी. पुढें पोंचण्याआधीं जी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, तिच्यांत पुष्कळ ठिकाणीं तळमजला, वरचा मजला, लिफ्टजवळ, थांब्याजवळ अशा विनंत्यांची यादी असते; तींतून निवड करावी. पोंचण्यापूर्वीं चार-पांच दिवस हॉटेलास फोन करून किंवा पत्र लिहून ती नोंद खरोखरच झाली आहे काय, हें विचारावें. दलालाच्या संकेतस्थळावरून खोली घेतली असेल तर हें अधिकच अवश्य आहे. दोन भावांनीं निरनिराळ्या खोल्या घेतल्या असतील, तर दोन्ही नोंदी एकाच कुटुंबाच्या आहेत हें हॉटेलास सांगून त्या जोडून घ्याव्या. नांवें निरनिराळीं असलीं तर त्यास तें कळण्याचा दुसरा मार्ग नाहीं. शेजारची खोली आणि आंतून दार असलेली खोली या तिकडे दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेंहि ध्यानांत ठेवावें. लहान मुलांना पलीकडे निजवावयाचें असेल तर दाराची खोली असें स्पष्ट म्हणावें. आणि फोनवर किल्ली आली तरी एकदां कचेरींत जाऊन भेटावें. सामान खोलींत टाकण्यापूर्वीं बदल मागणें दोघांनाहि सोपें जातें.

चौथें, विनंतींत परस्परविरोध नसावा. थांब्याजवळची खोली पाहिजे आणि ती निवांतहि पाहिजे. पोहण्याच्या तलावाजवळ पाहिजे आणि मुलांचा गलबला नको. सर्वांत वरची पाहिजे आणि लिफ्टची वाट पाहावयास नको. अशा जोड्या एकमेकींस मारतात. चार मागण्या केल्या म्हणजे चौथीहि पुरी होते असें नाहीं. वांटणी करणाऱ्यास पहिली कोणती हेंच कळेनासें होतें. आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे, कीं विद्यार्थ्यानें एका प्रश्नाचीं तीन उत्तरें लिहिलीं तर गुण द्यावयाचे कशाला, हें परीक्षकास समजत नाहीं. एक मुख्य गोष्ट लिहावी, तिचें कारण एका वाक्यांत द्यावें, आणि आपण काय सोडण्यास तयार आहों तेंहि सांगावें. हें शेवटचें वाक्य फार कामाचें आहे. त्यानें देणाऱ्याचे हात मोकळे होतात.

पत्राचा मजकूर असा असावा : "आमच्या नांवें अमुक क्रमांकानें, अमुक तारखेपासून पांच रात्रींसाठीं दोन खोल्या घेतल्या आहेत. आमच्याबरोबर ७४ वर्षांच्या एक बाई आहेत. त्यांना जिना चढवत नाहीं. दोहोंपैकीं एक खोली तळमजल्यावर मिळाल्यास आम्ही आभारी होऊं. ती बसच्या थांब्याजवळ असली तर अधिक बरें. दोन्ही खोल्या शेजारीं नसल्या तरी अडचण नाहीं." यापेक्षां अधिक लिहूं नये. आणि तळमजल्यास तिकडील रीतीप्रमाणें काय म्हणतात तें ध्यानांत ठेवून लिहावें. हा घोटाळा दोन्ही बाजूंनीं होतो. आपल्या समजुतीप्रमाणें एकच जिना वरची जागा पाहिजे म्हणून पहिला मजला मागणारास जमिनीवरची खोली मिळते. आणि यादींत दुसरा मजला वाचून दोन जिने असतील अशा भीतीनें माणूस चांगली खोली नाकारतो.

भाषेविषयीं एक शब्द. पाणिनीनें लिङ् लकाराचे अर्थ सांगतांना विधि आणि प्रार्थना हे दोन निराळे गणले आहेत. रूप एकच असलें तरी आज्ञा ती आज्ञा आणि विनंती ती विनंती. आपले लोक परदेशांत या बाबतींत दोन टोकांस जातात. कांहीं संकोचानें तोंडच उघडीत नाहींत, आणि कांहीं पैसे मोजले म्हणून हुकूम सोडतात. कचेरींत उभा असलेला मनुष्य दिवसभर शेंकडों पाहुण्यांशीं बोलत असतो. त्याच्या हातीं जी दोन-चार खोल्यांची मोकळीक असते, ती तो कोणासाठीं वापरील, हें सांगावयास नको. विनंती मान्य झाली तर आभार मानावे. न झाली तर रागावूं नये. उद्यां एखादी खोली रिकामी होते का, एवढें विचारून ठेवावें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां जावें. आम्हांस खोली मिळाली ती अशीच, उशिरानें, पण गोड बोलण्यानें.

मुलांच्या हौसेसाठीं आपण हा सारा खटाटोप करितों, आणि तें योग्यच आहे. परंतु तीन पिढ्या बरोबर नेल्या म्हणजे तिन्ही पिढ्यांना प्रवास घडला असें होत नाहीं. एखादी पिढी खोलींत जप करीत बसलेली असूं शकते. आमच्या घरीं आतां असा नियम झाला आहे, कीं प्रवास कोठचाहि असो, पंढरपूरचा असो कीं परदेशचा, खोली घेण्यापूर्वीं नातीनें मोठ्या आजीजवळ बसून पायऱ्यांचा हिशेब विचारावयाचा, आणि तो कागदावर लिहून तिच्या बापाच्या हातीं द्यावयाचा. वहिनी अजूनहि प्रथम "मला काय, कोठेंहि चालेल" असेंच म्हणतात. नात म्हणते, "मोठी आजी, आंकडा सांग."